हलकी प्रत

आमच्या गावाच्या नावाला कंस आहे. सिंदी (रेल्वे). परगावचा माणूस पहिल्यांदा पत्ता लिहून घेतो तेव्हा कंसापाशी त्याची लेखणी थबकते आणि तो विचारतो, "हे कंसातले लिहायलाच हवे का?" लिहायलाच हवे. कारण ह्याच वर्धा जिल्ह्यात, वर्धा शहराला अगदी खेटून, दुसरी एक सिंदी आहे आणि तिच्या कंसात 'मेघे' आहे. कंस गाळला की पत्र भलत्याच सिंदीची वारी करून येते. बोलताना मात्र आम्ही कोणी कंस उच्चारत नाही. "कुठले?" म्हटले की "सिंदीचे" एवढेच. रेल्वेवाले तर आमच्याहूनही काटकसरी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६७ साली नागपूरला पोहोचली, ती आमच्याच शिवारातून. ह्या रेल्वेवाल्यांनी प्रत्येक स्टेशनाला तारेच्या सोयीसाठी दोनचार इंग्रजी अक्षरांचे टोपणनाव दिले. वर्धा म्हणजे डब्ल्यू-आर, नागपूर म्हणजे एन-जी-पी आणि आमची सिंदी म्हणजे एस-एन-आय.

एकच गाव, पण तीन मापांत. टपालासाठी लांबरुंद, बोलण्यासाठी आखूड आणि तारेसाठी तीन अक्षरी. तिन्ही बरोबर. ज्याला जे पोहोचवायचे त्याच्या कामापुरते माप घेतलेले. वाचकहो, ह्या लेखाचा विषय हाच आहे. फक्त त्याचा आजचा अवतार जरा निराळा आहे. हल्ली शाळेतला मुलगा असो की पाणीपुरवठ्याची योजना समजावून सांगणारा इंजिनियर, जो तो संगणकावर चित्रांची मालिका तयार करतो. तिला म्हणायचे स्लाइड-शो. तो दाखवून झाला की लोक म्हणतात, "आम्हाला पाठवा ना जी." मग त्याची पीडीएफ करायची, म्हणजे कोणाच्याही फोनवर जशीच्या तशी उघडेल अशी प्रत काढायची. आणि इथे गाडी अडते. ती प्रत इतकी जड झालेली असते की ईमेल ती घेत नाही, सरकारी अर्जाची खिडकी ती परत लोटते आणि खेड्यातल्या नेटवर्कवर ती उतरता उतरता संध्याकाळ होते. ती हलकी कशी करावी, हा प्रश्न वरवर कारकुनी आहे. पण त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा मोठा मौजेचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात पाहायला वर्धा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

कापसाच्या गावात वाढलेल्या माणसाला हलके करणे आणि लहान करणे ह्यांतला फरक शिकवावा लागत नाही. बंडीत भरलेला कापूस जिनात येतो. तिथे सरकी निघते आणि रुई उरते. वजनाने पाहिले तर कापसाचा साधारण तिसरा हिस्सा रुई, बाकीची सरकी. सूतगिरणीला सरकी नको असते म्हणून ती वेगळी केली. पण एकदा वेगळी झालेली सरकी पुन्हा बोंडात बसवता येत नाही. मग ती रुई प्रेसमध्ये जाते. तिथे एक तंतूही टाकत नाहीत. फक्त दोन तंतूंच्या मधली हवा काढतात आणि १७० किलोची गठाण बांधतात. गिरणीत गठाण फोडली की रुई पुन्हा फुलते, होती तशी. हिंगणघाटच्या कापसाचे नाव सातासमुद्रापार गेले ते ह्या दोन कामांच्या जोरावर. वाघिणीत आणि जहाजात जागा मोजून भाडे द्यावे लागे. हवा मुंबईपर्यंत वाहून नेणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते.

संगणकातल्या फायली हलक्या करण्याच्या पद्धती मोजायला गेले तर पुष्कळ आहेत. पण त्यांच्या जाती दोनच. एक जिनाची, दुसरी प्रेसची. एकीत काहीतरी कायमचे टाकायचे, दुसरीत नुसती हवा काढायची. ह्या दोहोंची गल्लत झाली की दस्तऐवजाचे वाटोळे होते. आणि जे एकदा दाबले आहे ते पुन्हा दाबण्यात अर्थ नसतो. प्रेसवर उमर घालवलेल्या एका हमालदादाला मी एकदा सहज विचारले होते की गठाण दुसऱ्यांदा प्रेसमध्ये घातली तर? तो हसला. म्हणाला, "प्रेस मोडन जी, गठाण नाही लहान होनार." पीडीएफची झिप करून ती लहान होईल अशी आशा बाळगणाऱ्या मंडळींनी हे वाक्य ध्यानात ठेवायला हरकत नाही. पीडीएफच्या आत बहुतेक सगळे आधीच दाबलेले असते.

हवा काढण्याची विद्या तारखात्याने फार लवकर साधली होती. मोर्सच्या लिपीत इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या 'ई' ह्या अक्षराला एकच टिंब आणि 'टी'ला एकच रेघ. क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांबलचक खुणा. ज्याच्याकडे रोज जायचे त्याचे घर जवळ असावे, तसला हा हिशेब. आपल्याकडच्या तारघराने पुढे ह्याच्याही पलीकडे मजल मारली. शुभेच्छांच्या तारांसाठी वाक्ये ठरलेली असत आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. तारबाबूला क्रमांक सांगायचा. तारेतून क्रमांकच जायचा. आणि पलीकडच्या गावी पूर्ण वाक्य लिहून घरी यायचे. नवदांपत्यावर ईश्वरी कृपेचा वर्षाव होवो अशा अर्थाचे वाक्य सोळाव्या क्रमांकाचे. आणि क्रमांक एक? दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! दिवाळी अंकाच्या वाचकांना ह्याचा अभिमान वाटावा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तोवर हा मान दिवाळीकडेच होता.

ह्या युक्तीत एकही अक्षर हरवत नाही, कारण यादी दोन्ही टोकांना असते. १९५१ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्यापुढे त्याच्या गुरुजींनी पर्याय ठेवला, परीक्षा द्या नाहीतर निबंध लिहा. परीक्षा चुकवण्यासाठी त्याने निबंध घेतला आणि मोर्सने अंदाजाने केलेले काम गणिताने पक्के केले: कोणत्या खुणेला किती आखूड नाव द्यावे म्हणजे एकूण मजकूर सर्वांत लहान होईल. १९७७ साली याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल ह्या इस्राएली गणित्यांनी यादीचा प्रश्न सोडवला. यादी आधी पाठवायचीच नाही. मजकूर जसजसा पुढे सरकेल तसतसे, 'हे मागे येऊन गेले आहे, तिथून घ्या' एवढेच सांगायचे. पीडीएफमधला मजकूर आजही ह्या दोन कल्पनांच्या जोडीने दाबला जातो. परीक्षेला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र ह्यातून भलता बोध घेऊ नये.

मजकुराचे हे असे सोपे आहे. जड असते ते चित्र.

चित्रे भिंतीवर पाडून गोष्ट सांगण्याची हौस महाराष्ट्राला सिनेमाच्या आधीपासूनची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' ह्या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि जोडीला निवेदन. एकामागून एक काचा अशा चातुर्याने सरकवत की चित्रातली माणसे हलल्यासारखी वाटत. मुंबईत वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली ती त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी. सरकवायची म्हणून ती स्लाइड. शब्द तिथून आला आणि आजपर्यंत टिकला, सरकवायला काच राहिली नसली तरी. मात्र काचेचा खेळ पाठवता येत नसे. तो पाहायचा तर पटवर्धनांनी पेट्या घेऊन तुमच्या गावी यावे लागे. दाखवणे आणि पाठवणे ही दोन कामे आहेत, हे त्या पेट्या उचलणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

ह्या दोन कामांची गाठ एकदा मोठ्या अडचणीच्या वेळी पडली होती. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात पत्र नेणारे फक्त कबूतर, आणि कबूतर किती ओझे उचलणार? रने दाग्रों नावाचा फोटोग्राफर नोव्हेंबरात बलूनमध्ये बसून वेढ्याबाहेर पडला. बाहेरच्या लोकांचे निरोप त्याने छापील पानांवरून छायाचित्राने इतके बारीक केले की एका पातळ पापुद्र्यावर पानेच्या पाने मावली. ते पापुद्रे गुंडाळून पिसाच्या नळीत घालायचे आणि नळी कबुतराच्या शेपटीला बांधायची. पॅरिसला पोहोचल्यावर ते वाचायचे कसे? जादूच्या कंदिलाने पडद्यावर मोठे करून! समोर कारकून बसून उतरवून घेत आणि ज्याचा त्याला निरोप पोहोचता करीत. म्हणजे स्लाइडचा उपयोग इथे लहान केलेले पुन्हा वाचण्यासाठी झाला. आणि ते वाचता आले ह्याचे कारण दाग्रोंला शेवटच्या टोकाला काय होणार हे माहीत होते. पडद्यावर अक्षर लागेल इतकेच बारीक करायचे, त्यापलीकडे नाही.

पुढचा इतिहास चटकन सांगतो. १९८७ साली रॉबर्ट गॅस्किन्स ह्यांच्या कल्पनेतून पॉवरपॉइंट निघाले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते एक कोटी चाळीस लाख डॉलरला विकत घेतले. १९९१ मध्ये अडोबी कंपनीच्या जॉन वॉरनॉकने 'कॅमलॉट' नावाचे टिपण लिहिले. त्याची तक्रार साधी होती: एका यंत्रावर केलेला कागद दुसऱ्या यंत्रावर तसाच दिसत नाही. त्या तक्रारीतून १९९३ साली पीडीएफ जन्मली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. मराठी माणसाने तर वॉरनॉकचे आभार मानावेत. त्या काळी एका फाँटमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की 'प्रिय बाबा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसे. पीडीएफ आपला फाँट स्वतःच्या शिदोरीत घेऊन फिरते, आणि तोही अख्खा नव्हे, कागदात वापरली गेलेली अक्षरे-जोडाक्षरे तेवढीच. म्हणून मराठी कागद हलका करताना फाँट काढून टाकण्याची बचत कधी करू नये. वाचतात थोडे किलोबाइट, आणि जोडाक्षरे मात्र उसवतात.

आता आमच्या गावच्या गोष्टीकडे येतो. सिंदीचा तान्हा पोळा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरे आपापले लाकडी नंदी सजवून निघतात. कोणाचा ओंजळीत मावणारा, तर कोणाचा चाकांवर ओढायचा, माणसाएवढ्या उंचीचा. मग घरोघर बोजारा मागणे आले. गावातल्या हौशी मंडळींनी ह्या पोळ्याच्या जुन्या-नव्या फोटोंचा अठ्ठेचाळीस पानांचा स्लाइड-शो केला. त्यात काही घरांतल्या जुन्या पावत्याही होत्या: नंदी घडवणाऱ्या सुताराला दिलेल्या पैशांच्या, झुलीच्या कापडाच्या, काही मोडीत लिहिलेल्या. खेळ फार आवडला. मग नागपूर-पुण्याकडे आणि परदेशी गेलेल्या लेकीबाळींचे फोन सुरू झाले, आम्हालाही पाठवा. शिवाय एका स्पर्धेसाठी तो द्यायचा होता, तिथे मर्यादा पंधरा एमबीची. आणि फाईल भरली एकशे चौसष्ट!

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने पाच मिनिटांत ती दोन एमबीची करून दिली. कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर टाकली, कळ दाबली, झाले. (परक्याच्या संकेतस्थळावर लोक सातबारा आणि आधारकार्डसुद्धा असेच बिनदिक्कत टाकतात. त्या कागदांचे पुढे काय होते हे कोणी विचारत नाही.) प्रत घरी येऊन उघडली. नंदी ओळखू येत होते. पावत्यांवरचे आकडे मात्र धुक्यात गेले होते. आणि १९६८ सालचा एक मोठा समूहफोटो होता, शेसव्वाशे माणसांचा. त्यातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर चेहऱ्याऐवजी बुक्क्याचे बोट उमटले होते. शेजारच्या आजी तो फोटो पाहायला मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचा तरुणपणचा तेवढाच एक फोटो उरलेला आहे. त्या पुतणीला म्हणाल्या, "माह्या मालकाचं तोंड दिसते काय त्यात, ते पाह्य पोरी आधी. बाकीचं राहू दे."

पुतणीने दोन एमबीची प्रत बाजूला सारली आणि मूळ फाईल उघडून बसली. मीही शेजारी खुर्ची ओढली. इतका जडपणा येतो कुठून, हे पाहण्यासारखे होते.

फोनने काढलेला फोटो साधारण चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. आमच्या मंडळींनी असे फोटो एकेका पानावर चार इंच बाय तीन इंचांत बसवले होते. म्हणजे प्रत्येक इंचात हजार ठिपके. पडद्यावर वाचायच्या कागदाला इंचाला दीडशे पुरतात. दीडशेच्या हिशेबाने तोच फोटो सहाशे बाय साडेचारशे, म्हणजे दोन लाख सत्तर हजार ठिपक्यांचा होतो. पहिल्याच्या चव्वेचाळिसाव्या हिश्शाहून थोडा कमी, आणि पानावर पाहताना दोहोंत फरक करायला भिंग घेऊन बसावे लागेल! दुसरी तुलना करून पाहा. मराठी मजकुराच्या दाट पानात दोन हजार खुणा धरल्या आणि दर खुणेला तीन बाइट धरले तर पान सहा हजार बाइटचे. चार एमबीचा एक फोटो म्हणजे असली साडेसहाशेहून अधिक पाने. जाडजूड कादंबरी एका बाजूला आणि मांडवात आडव्या आलेल्या कोणाच्या तरी पाठीचा फोटो दुसऱ्या बाजूला. तराजू फोटोकडे झुकतो.

त्यातही लपलेला माल निघाला तो वेगळाच. फोटोच्या कडा कापल्या की आपल्याला वाटते त्या गेल्या. त्या जात नाहीत. पडद्यामागे घडी घालून बसतात, पुढेमागे कापणाऱ्याचा विचार बदलला तर असाव्यात म्हणून. पुतणीने 'कापलेला भाग काढून टाका' ही आज्ञा दिली तेव्हाच त्या खरोखर गेल्या, आणि त्यांच्यासोबत चोवीस एमबी गेले. एका हौशी गृहस्थाने मंडळाचे बोधचिन्ह प्रत्येक पानावर वेगवेगळे चिकटवले होते, अठ्ठेचाळीस वेळा, दर वेळी जरा निराळ्या मापाचे. ते सगळ्या पानांच्या मूळ साच्यावर एकदाच ठेवले. तारघराचीच युक्ती: वाक्य एकदा, मग नुसता क्रमांक. एकाने तर मजकुराचे छापील पान फोटो काढून लावले होते. ते पुतणीने दहा मिनिटांत पुन्हा टाइप केले. पान हलके झाले आणि त्यातला शब्द आता शोधताही येऊ लागला.

उरला फोटोंचा प्रश्न, आणि तिथे जिनाचे काम. हे काम जगभर ज्या पद्धतीने चालते तिच्या मुळाशी आपल्याकडचा एक माणूस आहे. नसीर अहमद, जन्म १९४०, बंगळूरचे. अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक असताना चित्र दाबण्याच्या एका गणिती पद्धतीसाठी त्यांनी १९७२ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितले. मिळाले नाही, कल्पना फारच साधी आहे असे एका परीक्षकाचे मत पडले. उन्हाळ्याच्या सुट्टीतला पगार नसताना त्यांनी काम चालू ठेवले आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्याबरोबर निबंध प्रसिद्ध केला. १९९२ साली ठरलेल्या जेपेग ह्या मानकात तीच पद्धत बसली. आज कोणाच्याही फोनमधला जेपेग फोटो त्या नाकारलेल्या अर्जाचा वंशज आहे.

पद्धत खरोखर साधी आहे, निदान सांगायला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात सरासरी उजेड किती, तो हळूहळू कुठे बदलतो, आणि भराभर कुठे बदलतो, अशी वर्गवारी करायची. हळू बदलणारा भाग म्हणजे आकाश, भिंत, गाल. भराभर बदलणारा म्हणजे गवताची पाती, झुलीवरची टिकली, अक्षराची कड. माणसाचा डोळा पहिल्याबाबत फार चोखंदळ आणि दुसऱ्याबाबत उदार. रंगाच्या बाबतीत तर तो चक्क आळशी आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक त्याला कळतो, रंगातला तितकासा नाही. मग डोळा जे मागणारच नाही ते ढोबळ करायचे किंवा टाकून द्यायचे. जिनात सरकी काढतात ती सूतगिरणीला नको म्हणून. इथे सरकी ठरवणार डोळा.

पण अक्षराची कडही त्या भराभर बदलणाऱ्यांत मोडते, आणि तिथेच घात होतो. जेपेगला बैल आणि पावती ह्यांतला फरक कळत नाही. त्याला दोन्ही चित्रेच. पाचाच्या आकड्याचे पोट धूसर झाले तर त्याच्या लेखी ते बैलाच्या कानाचा केस धूसर होण्याइतकेच.

धूसर झालेला आकडा निदान आपण अडाणी आहोत हे कबूल तरी करतो. ह्याहून भयंकर प्रकार २०१३ साली जर्मनीत उघडकीला आला. डेव्हिड क्रीझल नावाच्या संगणकतज्ज्ञाने घराचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळे मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही १४.१३ झाली! अक्षर स्वच्छ, ठसठशीत, कुठे डाग नाही. ते यंत्र जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या खुणा एकदाच साठवीत असे आणि दुसरीच्या जागी पहिली ठेवीत असे. तारघराचीच युक्ती, पण क्रमांक देणाऱ्याने सहा आणि आठ एकच समजायला सुरुवात केली तर काय होईल? कंपनीने पुढे दुरुस्ती पुरवली. मधल्या वर्षांत त्या यंत्रांतून गेलेल्या कागदांचे काय, ह्याचे उत्तर कोणापाशी असणार? आपल्याकडे दहा आर जमिनीवरून दोन पिढ्या कोर्टात जातात. तिथे सहाचा आठ होणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आमच्या पूर्वजांनीही टाकाटाक केली होती, ती मोडीत. मोडी हात न उचलता भरभर लिहायची लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद ठेवला नाही, आणि जागोजागी अर्धे शब्द. तारीख घालताना नुसता 'छ' काढून आकडा लिहिला की मुसलमानी चांद्रमासाची तिथी समजायची. ज्याला पत्र पाठवले त्याला हे सगळे उमजत होते. त्याच्यासाठी ते लिहिलेच होते. दोनशे वर्षांनी वाचणाऱ्या संशोधकाचा विचार कोणी केला नव्हता आणि करण्याचे कारणही नव्हते. राजवाड्यांसारख्यांची आयुष्ये ते कागद गोळा करण्यात आणि उलगडण्यात गेली. त्यांच्या वाट्याला कूट का होईना, मूळ शाई तरी आली होती. आपण पुढच्यांच्या वाट्याला काय ठेवतो आहोत? दाबलेल्या प्रतीची दाबलेली प्रत. व्हॉट्सॲपवरून पाच वेळा उतरवून पुन्हा नव्याने पाठवलेला आजोबांचा फोटो पाहा. दर खेपेला त्याच्यातून थोडी सरकी निघते, आणि कधी कधी थोडी रुईही.

पुतणीने म्हणून सगळ्या फोटोंना एकच न्याय लावला नाही. मला हे तिचे शहाणपण वाटले. नंदी, तोरणे, गर्दी, बक्षीससमारंभ, असे जे एका नजरेत पाहून पुढे जायचे, ते सर्व इंचाला दीडशे ठिपक्यांवर आणले. पावत्या एका पानावर चार होत्या, त्या प्रत्येकी एक पान देऊन मोठ्या केल्या, आणि मूळ पावती हातात घेऊन पडद्यावरचा आकडा न् आकडा ताडून पाहिला. हे तपासणे कोणतेही यंत्र आपल्यासाठी करीत नाही. ईमेलची मर्यादाही तिने डोक्यात ठेवली होती. जीमेल पंचवीस एमबी म्हणते, पण टपालात जाताना दर तीन बाइटांचे चार होतात, तेव्हा अठरापर्यंतच खरे.

मग समूहफोटो. त्याचे स्कॅन सहा हजार ठिपके रुंद होते. पानाची रुंदी सव्वातेरा इंचांहून किंचित जास्त, म्हणजे दीडशेच्या हिशेबाने दोन हजार ठिपके. सबंध फोटो एका पानावर घातला की प्रत्येक चेहऱ्याला मूळच्या रुंदीचा तिसरा हिस्सा उरतो, आणि बुक्क्याचे बोट होते. फोटोत वर अर्धे आकाश आणि कडुनिंब, खाली मोकळी जमीन. माणसे मधल्या पट्ट्यात. तिने सबंध फोटो एका पानावर लहान करून ठेवला, कोण कुठे बसले आहे ते कळण्यापुरता. नंतर चेहऱ्यांचा पट्टा तेवढा कापून त्याचे डावीकडून उजवीकडे तीन तुकडे केले आणि तीन पाने दिली. प्रत्येक तुकडा बरोबर दोन हजार ठिपक्यांचा. चेहऱ्यातला एक ठिपका गेला नाही. आकाश आणि जमीन ह्यांची सरकी निघाली, चेहऱ्यांची रुई राहिली.

सगळे मिळून तेरा एमबी आणि काही शेकडे भरले. स्पर्धेच्या खिडकीने ते मुकाट्याने घेतले. आजींना फोनवर दुसरी पट्टी दाखवली. त्यांनी दोन बोटांनी चित्र फाकवले, ही कला नातवंडांनी त्यांना शिकवली आहे, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. यजमान सापडले, मागच्या ओळीत, टोपी तिरकी. त्यांच्यापुढे धरलेला मोठा नंदी मात्र आपल्या घरचा नव्हेच, असे आजींचे म्हणणे पडले. त्यावरून समोरच्या घराशी जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. पावत्यांतल्या एका आकड्याचा आधार दोन्ही पक्ष घेत आहेत, आणि तो आकडा तेरा एमबीच्या प्रतीत स्वच्छ वाचता येतो.

मूळ एकशे चौसष्ट एमबीची फाईल आणि सगळी स्कॅने पुतणीने दोन निराळ्या डिस्कांवर उतरवली. एक वाचनालयाच्या कपाटात आहे, दुसरी माझ्या घरी. दोहोंवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'मूळ. दाबू नये.'